आजीच्या पेटीतील लुगडी आणि आपली भाषा

सीमाभागातील मराठीपणाचा पुरावा मागितला गेला की आपण कागद बाहेर काढतो. जमिनीचे जुने उतारे, शाळांचे दाखले, पंचायतींचे ठराव, जनगणनेची कोष्टके, देवळांवरील शिलालेख. हे सर्व हवेच. महाराष्ट्राने २००४ साली सर्वोच्च न्यायालयात दाखल केलेला दावा असो, की एखाद्या गावातील मराठी शाळेसाठी चाललेला झगडा असो, कागदावाचून पाऊल पुढे पडत नाही. तथापि एक दफ्तर आपण आजवर उघडलेलेच नाही. ते कोणत्या कचेरीत नसून आपल्याच घरात, माळ्यावरच्या लोखंडी पेटीत आहे. त्या पेटीत आजीची लुगडी आहेत आणि त्या लुगड्यांच्या घडीत बरीचशी मराठी आहे.

माझे म्हणणे थोडक्यात असे: ती मराठी कोणत्याही सरकारच्या फतव्याने नव्हे, तर आपल्याच दुर्लक्षाने चालली आहे; आणि ती गेली तर आपल्या लढ्याचा एक मोलाचा साक्षीदार जाईल. हा साक्षीदार आपल्याला सोयीची तेवढीच साक्ष देणारा नाही, हे मात्र आधीच सांगून ठेवतो.

प्रथम लुगड्यांची नावे पाहू. दोन पिढ्यांमागील बऱ्यापैकी खाऊनपिऊन असलेल्या मराठी घरातील प्रौढ स्त्रीपाशी रोजच्या नेसण्याला इरकल किंवा जवळपासच्या मागावरचे सुती लुगडे असे. त्याहून बरे म्हणजे नारायणपेठी. ठेवणीतले महेश्वरी किंवा चंदेरी. नशीब थोर असेल तर एखादी पैठणी. ही सारी नावे गावांची आहेत. इळकल आज कर्नाटकातील बागलकोट जिल्ह्यात आहे, नारायणपेठ तेलंगणात, महेश्वर आणि चंदेरी मध्य प्रदेशात. पैठण तेवढे महाराष्ट्रात.

आता १ नोव्हेंबर १९५६ हा दिवस आठवावा. सीमाभागात आपण तो काळा दिन म्हणून पाळतो. त्या दिवशी विजापूर जिल्ह्यातील इळकल, बेळगावप्रमाणेच, मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेले. त्याच दिवशी हैदराबाद राज्यातील नारायणपेठ आंध्र प्रदेशात गेले. पूर्वी होळकरांच्या राज्यात असलेले महेश्वर आणि शिंद्यांच्या राज्यात असलेले चंदेरी मध्य भारतातून मध्य प्रदेशात गेले. आणि पैठण हैदराबाद राज्यातून मुंबई राज्यात आले. एका पेटीतील लुगडी एकाच दिवशी चार राज्यांत वाटली गेली. आजीने मात्र या वाटणीची दखल घेतली नाही. पुढल्या दिवाळीतही तिने दुकानात बसून इरकलच मागितली.

बेळगावकरांना तर सीमा ओलांडण्याची सवय त्याहून जुनी होती. शहापूर, वडगाव, खासबाग ही विणकरांची वस्ती. यांपैकी शहापूर १९४८ पर्यंत सांगली संस्थानात, आणि त्याला खेटून असलेले बेळगाव इंग्रजी मुलखात. म्हणजे बेळगावची बाई शहापुरी लुगडे आणायला चार पावले चालून परक्या राज्यात जात असे आणि दुपारच्या आत घरी परतत असे. इंदूर, ग्वाल्हेर, हैदराबाद येथील वाचकांच्या घरांतही अशाच कहाण्या असतील. 'महाराष्ट्राबाहेरचे मराठी' हा शब्दप्रयोग मला म्हणूनच खटकतो. लुगड्याच्या नकाशात बाहेर कोणीच नव्हते.

इरकलची गोष्ट जरा खोलात जाऊन पाहण्यासारखी आहे. गावाचे कन्नड नाव इळकल. मराठी जिभेने 'ळ'चा 'र' केला आणि इरकल, इरकली ही रूपे रूढ झाली. अंग सुती आणि पदर रेशमी, हे या लुगड्याचे वैशिष्ट्य. अंगाचा ताणा आणि पदराचा ताणा वेगवेगळे तयार करून ते फाशांनी एकमेकांत अडकवतात; या पद्धतीला विणकर 'टोप तेणी' म्हणतात. महागडे रेशीम पदरापुरतेच लागत असल्यामुळे लुगडे साध्या संसाराच्या आवाक्यात राही, आणि चारचौघांत डोळ्यांत भरणारा भाग मात्र रेशमी असे. लाल पदरावरील पांढऱ्या पट्ट्यांमुळे इरकल दुरूनही ओळखू येई. धारवाडकडील स्त्रिया त्यावर कसुतीचा कशिदा काढीत: गोपूर, रथ, पालखी, हत्ती. लुगड्याला जोड खणाच्या चोळीची, आणि खण येई गुळेदगुड्डहून. ते गावही त्याच जिल्ह्यातले. तेथील कापडाला कन्नड स्त्रीही 'खण'च म्हणते. शिवून झालेल्या चोळीला मात्र ती 'कुबसा' म्हणते.

दोन शेजारणींच्या बोलण्यात असे किती शब्द एकमेकांना ओळख देतात हे पाहावे. आपण निऱ्या म्हणतो, कन्नड शेजारीण 'निरिगे' म्हणते. आपण काष्टा किंवा कासोटा म्हणतो, ती 'कच्चे' म्हणते. दोहोंच्या मुळाशी संस्कृत कच्छ-कक्षा आहे. आपण पदर म्हणतो, ती 'सेरगु' म्हणते. येथे शब्द वेगळे, परंतु तो डोक्यावर घेण्याची वेळ आणि थोरांपुढे सावरण्याची रीत एकच. आपण खणानारळाने ओटी भरतो, ती 'उडी' भरते. विधी तोच, नारळ तोच, तांदूळही तेच.

शब्दांहूनही खोल जाणारे साम्य क्रियापदांत आहे, आणि भाषेच्या अभ्यासकांनी त्याकडे अधिक लक्ष द्यायला हवे. मराठीत लुगडे नेसतात, चोळी घालतात, शाल पांघरतात, दागिने लेतात, फुले माळतात. शरीराभोवती गुंडाळायचे वस्त्र, अंगात शिरवायचे वस्त्र, वरून घ्यायचे वस्त्र, अंगावर धारण करायचा अलंकार आणि केसांत खोवायचे फूल, या प्रत्येक कृतीला मराठीने स्वतंत्र क्रियापद दिले आहे. कन्नडमध्ये हेच पाहा: सीरे नेसण्याला 'उडु', कुबसा घालण्याला 'तोडु', पांघरण्याला 'होदे', फुले माळण्याला 'मुडि'. वेशभूषेसाठी कन्नडमधील जोडशब्दच मुळी 'उडुगे-तोडुगे' असा आहे, म्हणजे नेसायचे आणि घालायचे. शब्दांची कुळे वेगळी आहेत. आपले 'नेसणे' संस्कृत 'नि-वस्' या धातूपासून आले, तर 'उडु' द्राविडी कुळातला. परंतु कृतींची विभागणी जवळजवळ सारखी आहे. हिंदीतील 'पहनना' ही यांतील बहुतेक कामे एकटेच उरकते.

आणि आता आपल्या तरुण मुली 'साडी घालते' असे सहज म्हणतात. ही किरकोळ चूक समजून हसण्यावारी नेण्याजोगी गोष्ट नव्हे. आपल्याच घरात, आपल्याच तोंडाने, पाच क्रियापदांच्या जागी एक येत आहे. खरे तर मुलीही एका अर्थाने बरोबर बोलतात. कारण बाजारात मिळणारी शिवलेली नऊवारी ही परकरासारखी चढवायचीच असते, तिला नेसणे उरलेलेच नाही. वस्त्र बदलले की क्रियापद बदलते. म्हणूनच वस्त्राचा इतिहास हा भाषेचाही इतिहास असतो.

'नऊवारी' हा शब्दच पाहा. आजीच्या आजीने तो क्वचितच वापरला असेल. तिच्या लेखी ते नुसते लुगडे होते. लांबी सांगायची झाली तर ती हातांत मोजली जाई. कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत एक हात, म्हणजे अर्धा वार, आणि नऊ वारांचे लुगडे म्हणजे अठरा हात. पुढे काष्टा नसलेली, परकरावर गोल नेसायची पाचवारी आली. ती अंगाने तलम म्हणून तिला 'पातळ' म्हणू लागले. विद्वानांनी सकच्छ आणि विकच्छ असे भारदस्त शब्द योजून नेसण्याच्या दोन रीतींवर वाद घातले. आणि मग, पाचवारीपासून वेगळे ओळखू यावे म्हणून, लुगड्याला 'नऊवारी' हे विशेषण चिकटले. शेवटी विशेषण उरले आणि नाम गेले. चोळीचेही असेच झाले: चोळी, पोलके, मग इंग्रजी 'जंपर'चे झंपर, आणि अखेर ब्लाऊज. एका स्त्रीच्या उण्यापुऱ्या आयुष्यात हे चारही शब्द येऊन गेले.

'लुगडे' हा शब्द आज सुशिक्षित घरांत थोडा गावंढळ मानला जातो. ज्यांना तसे वाटते त्यांनी शेजाऱ्यांकडे पाहावे. वडोदऱ्याच्या वाचकांना ठाऊक आहे की गुजरातीत 'लूगडुं' म्हणजे कोणतेही कपडे. इंदूरकरांनी माळव्या-निमाडच्या खेड्यांत 'लुगडा' ऐकला असेल. छत्तीसगडात साडीला 'लुगरा' म्हणतात. गोव्यात याच्या उलट घडले. तेथे 'कापड' हा सर्वसाधारण शब्दच आकसून साडीचा वाचक झाला, आणि कुणबी स्त्री खांद्यावर गाठ मारून लाल चौकड्यांचे कापड नेसू लागली. ज्या शब्दाचे आप्त गुजरातपासून छत्तीसगडापर्यंत पसरले आहेत तो गावंढळ कसा? तो तर आपल्या शब्दसंग्रहातील घरंदाज शब्द आहे.

यापुढची शब्दसंपत्ती लुगड्याच्या वयाची आहे. नवे लुगडे प्रथम नेसणे म्हणजे घडी मोडणे. वापरून ते विरले की जुनेर. मधोमध फाटले तर फाटका भाग काढून दोन्ही बाजू जोडायच्या, तो दंड घालणे. त्याचा अर्धा तुकडा म्हणजे धडपे. मऊ झालेल्या धडप्याचे तान्ह्या बाळाला दुपटे. चार-पाच जुनेरांची मिळून गोधडी, आणि आमच्या बाजूला वाकळ. कन्नड शेजारीण तिलाच 'कौदी' म्हणते. गोधडीलाही न शोभणाऱ्या तुकड्याचे फडके, आणि फडक्याचे अखेर चूल सारवायचे पोतेरे. दुकानातून आलेल्या एका वस्त्राची चुलीपर्यंतची ही वाट आहे, आणि वाटेवरील प्रत्येक मुक्कामाला मराठीने नाव दिले आहे. काटकसरीवर कितीही व्याख्याने द्या, एवढे नेमके शब्द सापडायचे नाहीत.

लुगडे हे केवळ वस्त्रही नव्हते; ते कामाचे साधन होते. काष्टा घालून बाई चिखलात भात लावू शके आणि विहिरीचे पाणी शेंदू शके. ओच्यात शेतातली भाजी येई, कनवटीला पैसे राहत, कमरेला पानाची चंची असे. पदर घाम पुसण्यास, तापलेले भांडे उतरण्यास आणि रडते मूल झाकण्यास उपयोगी पडे. म्हणूनच तो भाषेत इतका खोल रुजला: पदरमोड करणे, पदरचे खर्चणे, पदराला खार लावणे, पदरात घेणे, पदर पसरणे. आज कधीही पदर न घेतलेली व्यक्तीही पदरमोड करते. अर्थ उरला, वस्तू गेली. आणखी एका पिढीनंतर मुले विचारतील की पैशांचा आणि पदराचा संबंध काय. तेव्हा उत्तर देणारे कोणी असायला हवे.

येथपर्यंत वाचून कोणी असे समजेल की मी जुन्या दिवसांची आरती ओवाळतो आहे. तसे नाही. त्याच पेटीत दुःखेही आहेत. केशवपन झालेल्या विधवेच्या अंगावरचे तांबडे आलवण त्याच माळ्यावर होते. चोळी तिला वर्ज्य होती. 'आलवण' हा शब्द आज विस्मृतीत गेला याचा आनंदच मानावा. परंतु तो कोशातून आणि आठवणीतून मात्र जाऊ नये. ज्या अन्यायाचे नाव विसरले जाते तो घडलाच नव्हता असे म्हणणे पुढे सोपे होते. नेसण्याची रीत ही जातीची खूणही होती. डिसेंबर १९२७ मध्ये महाडला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी दलित स्त्रियांना सांगितले की ज्या नेसण्यावरून आणि ज्या दागिन्यांवरून तुमची जात ओळखली जाते ते सोडा, लुगडे इतर स्त्रियांप्रमाणे पूर्ण नेसा. त्या स्त्रियांनी ते लगेच अमलात आणले. लुगडे गुडघ्याच्या वर असावे की घोट्यापर्यंत, हा प्रश्न त्यांच्यासाठी आवडीनिवडीचा नव्हता, माणुसकीचा होता. म्हणून 'पारंपरिक मराठी वेश' असे एकवचनात बोलणाऱ्यांपासून मी सावध राहतो. एका गावात नेसण्याच्या अनेक रीती होत्या, आणि त्या रीतींमध्ये उतरंड होती.

आजच्या वृद्ध स्त्रीने पुन्हा लुगडे नेसावे, असेही माझे म्हणणे नाही. आज सत्तरीतील अनेकजणी घरात गाऊन वापरतात आणि बाहेर पडताना पाचवारी नेसतात किंवा पंजाबी ड्रेस घालतात. नऊ वारांचे ओलेचिंब लुगडे ज्या मनगटांनी वर्षानुवर्षे पिळले त्यांना या सुटकेचा पूर्ण अधिकार आहे. वस्त्र सोडण्याचा हक्क ज्याचा त्याला. परंतु वस्त्राबरोबर शब्दही टाकून दिलेच पाहिजेत, असे कोठे लिहिले आहे?

आपल्या चळवळीतील बंधुभगिनींना येथे थोडे परखड बोलावे लागेल. शिवजयंतीच्या मिरवणुकीत फेटा, नथ आणि शिवलेली नऊवारी घालून निघणाऱ्या मुलींचे आपण कौतुक करतो, आणि करावेच. भर रस्त्यात मराठीचा उच्चार करण्याचे धैर्य त्यात आहे. पण ती वर्षातून एका दिवसाची मराठी झाली. आजीचे लुगडे उरलेल्या तीनशे चौसष्ट दिवसांचे होते. मिरवणुकीचा वेश अस्मिता दाखवतो, रोजचे वस्त्र भाषा जगवते. फलकावर मराठी अक्षरे असावीत म्हणून आपण लाठ्या खाल्ल्या. आणि घरात मात्र 'जुनेर' शब्द माहीत असलेली शेवटची व्यक्ती कोण, हे आपण विचारले नाही.

दुसरी गोष्ट अधिक नाजूक आहे. इरकल मराठी की कन्नड, असा वाद अधूनमधून उकरला जातो. ती कन्नड गावात विणली गेली, हे निर्विवाद आहे. मराठी बाईने ती पिढ्यान्‌पिढ्या नेसली, हेही निर्विवाद आहे. विणणारा आणि नेसणारी यांच्यात कोण खरा मालक, हा प्रश्न त्या दोघांनाही कधी पडला नाही. आपला झगडा शाळेत, कचेरीत आणि न्यायालयात मराठीचा हक्क मिळावा यासाठी आहे. तो कन्नड भाषेशी नाही, आणि इळकलच्या विणकराशी तर नाहीच नाही. आजीची पेटी उघडताच हे आपोआप स्पष्ट होते. हीच ती गैरसोयीची साक्ष. जो म्हणेल की सीमाभागात मराठी उपरी आहे, त्याला ही पेटी खोटे पाडते. आणि जो म्हणेल की येथील मराठी कन्नडच्या शेजारावाचून वाढली, त्यालाही ती खोटे पाडते. माझ्या मते यामुळे आपली बाजू दुबळी होत नाही. शेजाऱ्याशी इतक्या जवळून देवघेव करूनही आपले क्रियापद आणि आपला पदर टिकवून ठेवणारी भाषा, ही त्या मातीत मुरलेलीच भाषा असते.

म्हणून एक साधे काम सुचवतो. त्याला निधी लागत नाही, परवानगी लागत नाही. येत्या १ नोव्हेंबरच्या आत प्रत्येकाने घरातील किंवा शेजारातील सर्वांत वयस्क बाईजवळ तासभर बसावे. तिच्या लुगड्यांची, काठांची, रंगांची, नेसण्याच्या पायऱ्यांची, जुनेराच्या उपयोगांची नावे तिच्याच उच्चारात वहीत उतरवून घ्यावीत. शब्दापुढे गावाचे नाव लिहावे; ती 'लुगडं' म्हणत असेल तर 'लुगडे' असे सुधारू नये. तिला कन्नड, कोकणी, तेलुगू, गुजराती किंवा माळवी प्रतिशब्द ठाऊक असेल, आणि तो बहुधा असतोच, तर तोही शेजारी लिहावा. आलवणासारखे दुखरे शब्द आले तर ते टाळू नयेत. मात्र तिला बोलायचे नसेल तेथे थांबावे. आणि या वर्षापासून आपल्या घरात साडी 'घातली' जाऊ नये, ती नेसली जावी.

वीस घरांतून वीस-वीस शब्द आले तरी त्यातून एका तालुक्याचा कोश उभा राहील. न्यायालयात तो पुरावा म्हणून ग्राह्य धरला जाईल की नाही, याची चिंता वकिलांनी करावी. आपली चिंता वेगळी आहे. दाव्याचा निकाल लागेल तेव्हा लागेल. तोवर त्या पेटीची किल्ली जिच्या कनवटीला आहे ती बाई आपल्यासाठी थांबणार नाही.